मारुतीपाशी थांबणारी घोडी

नाशिकहून सुरगाण्याला एसटी जाते, जीपगाड्या जातात, आणि ज्याला घाई आहे तो स्वतःची गाडी काढून दुपारच्या जेवणाला पोचतो. मला चार दिवस लागले. कारण मी घोडीवर होते, घोडी म्हातारी होती, आणि वाटेत जेवढे मारुती लागले तेवढ्या सगळ्यांपाशी ती थांबली.

हसायला हरकत नाही. आमच्या घरात आधी हसूनच झालं. "या वयात लोक काशीला जातात," आमचे हे म्हणाले, "आणि तू घोड्यावर बसून सुरगाण्याला निघालीस." हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेत. ज्याला इंजिन नाही अशा वाहनावर त्यांचा विश्वास नाही. पण निघायच्या दिवशी माझ्या आधी उठून त्यांनीच पिशवीत गुडघ्याचं मलम टाकलं आणि ड्युटीवरचे आपले जुने बूट दारात काढून ठेवले. ते मला दोन मोज्यांवर बरोबर बसले.

घोड्यावर बसणं मला अगदीच नवीन नव्हतं. माझं माहेर सिन्नरकडचं. दिवाळीनंतर धनगर आमच्या शेतात मेंढ्या बसवायचे, त्यांच्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी तट्टं असायची. मी आणि धनगरांची एक पोर, आम्ही त्या तट्टांवर खोगीर नसताना मांड ठोकून बांधावरून हिंडायचो. पुढं मी साडी नेसायला लागले आणि आईनं ते बंद केलं. त्यानंतर घोडा पाहिला तो लग्नाच्या वरातीतच.

आणि आता इथं ती गोष्ट सांगायला हवी, जिच्यावाचून बाकी काहीच कळायचं नाही.

आमच्याकडे लग्नाच्या दिवशी नवरदेव घोडीवरून मारुतीला जातो, नारळ फोडतो, पाया पडतो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो. तेव्हापासून अक्षता पडेपर्यंत त्याच्या आईनं त्याच्याकडे बघायचं नाही. आईची दृष्ट सगळ्यात आधी लागते म्हणतात. आमच्या निखिलच्या लग्नात मी कार्यालयाच्या मागं तुळशीच्या कुंडीपाशी पाठ फिरवून बसले होते. ढोल ऐकले, फटाके ऐकले, त्याच्या मित्रांचा आरडाओरडा ऐकला. माझा एकुलता एक मुलगा घोडीवर बसून आला तो मी पाहिलाच नाही. मनात म्हटलं, व्हिडिओत बघू. व्हिडिओवाल्यानं नाचणारे मित्र पोटभर घेतले होते; नवरदेव एकदा दिसतो, तोही छत्रीच्या आड. एक फोटो आहे, त्यात घोडीचं तोंड स्पष्ट आहे आणि निखिलचं मुंडावळ्यांनी झाकलंय. ह्यांना विचारावं तर, "चांगला दिसत होता की." पुढं काही नाही. पुरुषांना विचारण्यात अर्थ नसतो.

तीन वर्षांनी साधा ताप आला आणि निखिल गेला. तेव्हा मात्र मला सगळं बघावं लागलं.

सून रोहिणी आमच्याजवळ गंगापूर रोडच्या घरात राहिली. मग तिला सुरगाण्याकडे आश्रमशाळेत नोकरी लागली, आणि दोन वर्षांपूर्वी तिथल्याच एका शिक्षकाशी तिनं लग्न केलं. आम्हाला विचारून केलं. हे लग्नाला जाऊन आले. मी गेले नाही. तिचं वाईट व्हावं असं कधी मनात आलं नाही, पण तिच्या दाराला दुसऱ्या कुणाच्या नावाची पाटी असेल, ती वाचायचं माझ्यानं होणार नाही असं वाटायचं. रोहिणी दर रविवारी फोन करायची. "आई, कधी येता?" मी म्हणायचे, "येईन गं." दोघींनाही ठाऊक होतं, की येणार नाही.

तेवढ्यात ती घोडी भेटली. नदीकाठच्या मैदानावर मी सकाळी फिरायला जाते, तिथं एक माणूस पांढरी घोडी फिरवत होता. तिच्या डाव्या कानाचं टोक फाटलेलं. तो कान मी फोटोत इतक्या वेळा पाहिला होता, की माझे पाय तिथंच थांबले.

माणसाचं नाव सलीमभाई, घोडीचं रेशमा. लग्नाला घोडी पुरवायचा त्यांचा पिढीजात धंदा. मी त्यांना विचारलं, मला हिच्यावर बसता येईल का? सलीमभाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "ताई, बसता येईल. उतरता येईल का ते बघा." तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा मी पंजाबी ड्रेस घालून रेशमावर बसत आले. पहिल्या महिन्यात मांड्या अशा सोलवटल्या, की मी घरात बदकासारखी चालत होते. पण बांधावरची ती मांड अंगात कुठंतरी शिल्लक होती, ती परत आली. निखिलला पाहता आलं नव्हतं. निदान तो जिथं बसला होता तिथं बसता येत होतं. ह्यांनी विचारलं तर मी सांगायचे, व्यायाम होतो.

या हिवाळ्यात सलीमभाईंच्या धाकट्या भावानं ठरवलं, घोडी काढून टाकायची. लोकांना आता उघडी मोटार हवी, बग्गी हवी. त्यात रेशमाच्या उजव्या डोळ्यात पांढरं पडलेलं. वीटभट्टीवाला न्यायला तयार होता. हे मी ह्यांना रडत सांगितलं, ह्यांनी रोहिणीला, आणि रोहिणीचा फोन आला तो रविवार नसताना. "आई, रेशमाला इकडे आणा. परसात जागा आहे, गवत आहे. पण तुम्ही घेऊन या. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवलीत तर मी घेणार नाही."

पोर माझ्याच हाताखाली तयार झालेली. मला बरोबर कोंडीत पकडलं. भट्टीवाला देणार होता तेवढे पैसे भावाच्या हातावर ठेवून घोडी आम्ही घेतली.

टेम्पोतून नेणं शक्य नव्हतं. एकदा टेम्पोत घसरून पडल्यापासून रेशमा फळीवर पाय ठेवत नाही. तेव्हा चालत. मी घोडीवर, सलीमभाई मोटारसायकलवर दाणा-चंदीची गोणी, कडबा आणि बादली घेऊन.

मखमलाबाद ते दिंडोरी

गाव सुटत नाही तोच पहिला मारुती आला आणि रेशमा थांबली. टाच मारली, लगाम ढिला सोडला, च्यक च्यक केलं. घोडी आपली देवळाकडे तोंड करून उभी.

"ती नाय हलायची," सलीमभाई मोटारसायकल लावत म्हणाले. "आयुष्यभर हेच केलं ना तिनं. मारुती आला की थांबायचं, नवरा उतरणार, नारळ फुटणार, परत चढणार. मग ढोल वाजला की चालायचं. ढोलाबिगर ती कदम नाय उचलत."

"मग आता?"

सलीमभाईंनी बादलीतली चंदी पिशवीत ओतली, बादली उलटी धरली आणि बडवायला सुरुवात केली. धडधड-धिन्, धडधड-धिन्. रेशमानं मान वर केली, कान टवकारले आणि वरातीच्या त्या नखरेल चालीनं निघाली. एकेक पाय उचलून, ठेवू की नको असं करत. नदीकाठी ती अशी कधीच चालली नव्हती. मला एकदम कळलं, की निखिलखाली ती अशी चालली असणार. मी खोगिराची कड घट्ट धरून ठेवली. पुढचा बराच रस्ता मला धूसर दिसला.

मग प्रत्येक गावाला तेच. आपल्याकडे वेशीवर मारुती नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. घोडी थांबायची, बादली वाजायची, माणसं जमायची. एका पारावरच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "आज्जे, नवरदेव कुडं पाडला?" दुसरा म्हणाला, "आरं, हीच नवरदेव दिसती. नवरी शोधाया चालली." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मोकळे आहात का?" त्यावर पार हसला, आणि आम्हाला चहा मिळाला. शहरात कुणी घोडीवरच्या बाईचा नुसता फोटो काढला असता.

दिंडोरीकडे द्राक्षबागांना कागद लावलेले होते. निर्यातीच्या मालाला ऊन लागू नये म्हणून एकेका घडाला कागद गुंडाळतात. बाया शिडीवर चढून ते काम करत होत्या आणि मी घोडीवर असल्यानं आमची तोंडं एका उंचीवर येत होती, त्यामुळे गप्पा सोप्या झाल्या. एकीनं कागद सोडून घड दाखवला, हिरवा, अजून आंबट. मुक्काम ह्यांच्या चुलतभावाच्या मळ्यात होता. बाजरीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. आणि जेवायला मी उभी, कारण बसवत नव्हतं. जावेनं उशी आणून दिली आणि तोंडाला पदर लावून हसत राहिली.

रोहिणीचा फोन आला. तिला मारुतीचं सांगितलं, बादलीचा ठेका तोंडानं म्हणून दाखवला, तर ती खूप वेळ हसली. ते हसू मी चार-पाच वर्षांत ऐकलं नव्हतं.

वणीच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी डोंगर जवळ यायला लागले. सप्तशृंगीचा गड समोर धरून चालायचं, चुकण्याची भीती नाही. उन्हाळ कांद्याची लागवड चालली होती. वाफ्यात ओळीनं वाकलेल्या बाया पाठ सरळ करून आमच्याकडे बघायच्या.

एका गावात शिरलो तर मारुतीपुढं आधीच गर्दी. ताशेवाले उभे, फेटे बांधलेली माणसं उभी, आणि मधे बाशिंग बांधलेला नवरदेव उन्हात घामाघूम. रेशमा सवयीनं देवळापुढं जाऊन थांबली. तसा एक जाडजूड मामा धावत आला आणि त्यानं लगामच धरला.

"आली का एकदाची! कव्हाची वाट पाहतोय आम्ही! मुहूर्त टळाया आला! ए आज्जी, उतर बरं खाली."

त्यांनी सांगितलेली घोडी यायची होती, तिचा टेम्पो वाटेत बंद पडला होता. रेशमा म्हणजे तीच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. लग्नाच्या गावात पांढरी घोडी मारुतीपुढं येऊन थांबली, तर दुसरं काय समजायचं? मी उलगडा करायला तोंड उघडलं, आणि सलीमभाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत आर्जव होतं. त्यांनी गोणीतून रेशमाची जरीची झूल आणि लाल तुरा आधीच बाहेर काढला होता. "सासरी चालली, रुखवत नको का?" म्हणून त्यांनी ते सगळं बरोबर घेतलं होतं.

"एकदा, ताई. शेवटचं."

माझ्या मनात काय आलं ते सांगते. या घोडीवर बसलेला माझा मुलगा तीन वर्षांत गेला. हे त्या माणसांना कळलं असतं, तर त्यांनी नवरदेवाला पायी नेला असता, पण या पाठीवर बसवला नसता. सांगावं का? निखिलचं सगळं ठाऊक असलेले सलीमभाईही तोच विचार करत असावेत, कारण त्यांनी मान खाली घातली. पण घोडीनं काय केलं होतं? तिनं त्याला मारुतीपासून मांडवापर्यंत नीट पोचवला होता. पुढचं तिच्याकडे नव्हतं. मी खाली उतरले.

कुणीतरी मला पाणी प्यायला, नवरदेवाकडची माणसं उतरली होती त्या जानवशाच्या घरात नेलं. आत मागच्या खोलीत एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. नवी पैठणी, हातात हिरवा चुडा, पदराशी चाळा. मला सांगावं लागलं नाही. नवरदेवाची आई.

"घोडी आली म्हनं," ती भिंतीलाच म्हणाली.

"आली. माझीच आहे."

"कशी हाय? मारकी नाय ना? आमचा गणेश कधी बसला नाय घोड्यावर."

बाहेर ताशा कडाडला. बाईचा खांदा हलला, पण तिनं मान वळवली नाही. मला वाटलं, हिला धरून खिडकीशी न्यावं आणि सांगावं, बघ बाई, बघून घे. पण तिचा शकुन तिचा होता. तो मोडायचा मला काय अधिकार? आणि मग लक्षात आलं, मी काही गणेशची आई नव्हते. मला बघायला बंदी नव्हती.

मी ओट्यावर गेले. रेशमा येत होती. झुलीत तिची हाडं झाकली होती, तुरा हलत होता, आणि पाय असे उचलत होती, की तिला एका डोळ्यानं दिसत नाही हे कुणाला खरं वाटलं नसतं. तिच्यावर एक अनोळखी पोरगा होता. घोडीवर बसलेला मुलगा रस्त्यानं येताना कसा दिसतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं. आधी फेटा दिसतो, लोकांच्या डोक्यांवरून. मग खांदे. मग चेहरा. मी ओट्याचा खांब धरून उभी राहिले आणि ती वरात नजरेआड होईपर्यंत हललेच नाही.

आत आले तर बाईनं पाठमोरंच विचारलं, "कसा दिसत हुता वं?"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. "बाशिंग डावीकडे कललंय," मी म्हटलं. "फेटा मोठा झालाय त्याला, सारखा मागं सारतोय. घाबरलाय जरासा, पण हसतोय. आणि एक हात घोडीच्या मानेवर ठेवलाय, थोपटतोय तिला."

बाई हसायला लागली आणि डोळे पुसायला लागली. "लहानपणापून तसाच हाय. वासराला बी तसाच थोपटायचा." मग चुडा सारखा करत, "तुम्हाला किती लेकरं?"

"एक मुलगा."

"लगीन झालं?"

"झालं. हीच घोडी होती."

"मंग पायगुणाची हाय घोडी," ती म्हणाली. मी तिचा हात हातात घेतला.

जेवल्याशिवाय कुणी सोडलं नाही. बुंदी, वांग्या-बटाट्याची भाजी, वरण-भात; पंगतीत सलीमभाईंना मानानं आधी बसवलं. खरी सांगितलेली घोडी आमचं जेवण होताना पोचली, आणि तिचा मालक नि सलीमभाई यांची अशी जुंपली, की मामाला मधे पडावं लागलं.

बोरगावचा घाट

घाटात मी घोडीवरून उतरले. तिला दम लागत होता, आणि माझं वजन काही वरातीतल्या पोरसवदा नवरदेवाएवढं कमी नाही. दोघी पायी चढलो, ती पुढं, मी तिची शेपटी बघत मागं. जंगल आता बोडकं झालेलं, सागाची पानं वाटभर पडलेली, पायाखाली पापडासारखी मोडत होती. जीपगाड्या टपावर माणसं घेऊन जायच्या आणि ती माणसं वरून आम्हाला हात करायची.

एका वळणावर मोटारसायकलवरची बादली सुटली, घरंगळत रस्त्याच्या मधोमध गेली आणि खालून येणाऱ्या जीपनं तिचा पापड केला. सलीमभाईंनी ती उचलून पाहिली, परत वाजवून पाहिली. पत्र्याचा फटफट आवाज आला. ते रस्त्याच्या कडेला बसले आणि रडायला लागले. बादलीसाठी कुणी एवढं रडत नाही.

"अब्बांनी आणली होती हिला," ते म्हणाले. "मी तेव्हा बिनमिशीचा होतो. किती नवरे पोचवले हिनं, ताई. आणि माझा भाऊ म्हणतो, वीटभट्टी." मी शेजारी बसून राहिले. रेशमा कडेचं वाळलं गवत हुंगत उभी होती. वर बोरगावात स्ट्रॉबेरीचे ठेले लागलेले असतात. मी एक टोपली घेतली. आम्ही दोघांनी निम्मी खाल्ली, उरलेली घोडीनं देठांसकट.

तो मुक्काम ठेलेवाल्याच्याच घरी झाला. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि उडदाचं भुजं, घट्ट वरणासारखं. भाकरी काळीभोर, पहिल्या घासाला घशात अडते आणि तिसऱ्या घासाला सोडवत नाही. आमच्या घरी नागली म्हणजे बाळाची पेज. इथं ती भरल्या ताटात असते. रोहिणी रोज हेच जेवत असेल, असा विचार आला. उद्या तिचं घर येणार होतं.

फोनवर ती म्हणाली, "आई, शाळेपाशी आमच्याकडेही मारुती आहे हं."

"मग तो तरी थोडा वेळ दुसरीकडे ठेव," मी म्हटलं.

रोहिणीचा पाडा

सुरगाणा मागं टाकून आत वळलो. भाताची खाचरं कोरडी पडलेली, बऱ्याच घरांना कुलपं; माणसं कामाला खाली द्राक्षांकडे गेलेली. त्यातल्याच काही बायांशी मी दिंडोरीला बोलले असेन. वाटेत एका झाडाखाली वाघदेव होता, लाकडात कोरलेला, शेंदूर लावलेला. सलीमभाईंनी श्वास रोखला. रेशमा थांबली नाही. वाघदेव तिच्या ओळखीचा नव्हता.

पण शाळेपुढचा मारुती आला आणि ती थांबली.

बादली नव्हती. सलीमभाईंनी टाळ्या वाजवल्या. मोटारसायकलची टाकी बडवली. मोबाइलवर बँड लावला, तेव्हा रेशमानं माशी हाकलावी तसा कान उडवला. मी वर बसून होते. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. घोडीच हलत नाही तर माझा काय इलाज? समोर दीडशे-दोनशे पावलांवर कौलारू घर दिसत होतं, दारात माणसं उभी होती. त्यातला एक उंच माणूस कोण ते मला न सांगता कळलं होतं. इथूनच परतावं, घोडी सलीमभाई पोचवतील, असं मी मनात पक्कं करत आणलं होतं.

मग त्या घरातून रोहिणी निघाली. साडी खोचलेली, अंगानं जरा भरलेली, हातात पितळी थाळा आणि मोठी पळी. ती थेट घोडीपुढं येऊन उभी राहिली आणि थाळा वाजवायला लागली. धडधड-धिन्. फोनवर ऐकलेली बादलीची लय तिनं बरोबर उचलली होती. रेशमानं मान उचलली, पाय उचलला.

रोहिणी तोंड माझ्याकडे करून, मागं मागं चालत वाजवत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी लगाम सोडूनच दिला. घोडीला सगळं ठाऊक होतं. घरापुढं येऊन ती थांबली, मान खाली घातली आणि दगडासारखी स्थिर झाली. नवरदेव उतरेपर्यंत हलायचं नाही, ही तिची शिस्त.

उतरायला मला कुणाचा तरी आधार लागतो. सलीमभाई लांब मोटारसायकल ढकलत येत होते. तो उंच माणूस पुढं आला. हेमंत त्याचं नाव, त्याच शाळेत गणित शिकवतो.

"आई, माझ्या खांद्यावर हात ठेवा," तो म्हणाला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? 'आई' या शब्दाचा राग आला, त्याच्या जिवंत, धडधाकट खांद्याचा राग आला. मी तशीच बसून राहिले. त्यानं हात पुढं केला नाही. नुसता खांदा जरा खाली करून उभा राहिला. शेजारी रोहिणी थाळा छातीशी धरून थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर मी पूर्वी पाहिलेली भीती होती, दवाखान्यात डॉक्टर बाहेर येताना होती तीच. ती भीती तिला आता मी घालत होते.

मी हात ठेवला आणि उतरले. पाटी दाराला होतीच. वाचली. दोघांची नावं होती, त्यात तिचं आधी.

हेमंतच्या आईनं घोडीच्या पायांवर पाणी घातलं, मग माझ्या. "ये बाय, बस. घोडी बी दमली, तू बी दमली," एवढंच म्हणाली आणि नागलीची गरम भाकरी करायला आत गेली.

संध्याकाळी रोहिणी आणि मी परसात रेशमाला चंदी घालत होतो. रोहिणी तिचा फाटका कान बोटांत धरून म्हणाली, "आई, एक विचारू? मी तेव्हा आत गौरीहरापाशी बसले होते. मान वर करू दिली नाही कुणी. तो दारात आला तो मी पाहिलाच नाही. कसा दिसत होता तो घोडीवर?"

इतकी वर्षं तिला वाटत होतं, की मी तरी पाहिलं असेल. मी म्हणणार होते, की मीही नाही गं पाहिलं. पण माझ्या तोंडून वेगळंच निघालं.

"आधी फेटा दिसला," मी म्हटलं. "लोकांच्या डोक्यांवरून. मग खांदे. मग चेहरा. जरासा घाबरला होता, पण हसत होता. एक हात हिच्या मानेवर."

रोहिणीनं डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. माझ्याकडे राहिलेली पोर ती, तिच्यापुढं माझं खोटं टिकत नाही. "तुम्हीपण नाही ना पाहिलं?" ती हळू म्हणाली. मी मान हलवली. मग आम्ही दोघी घोडीला दोन्ही बाजूंनी धरून मोठ्यानं रडलो. निखिल गेला त्या दिवशी आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत रडलो होतो.

सलीमभाई सकाळी कुणाला न सांगता निघून गेले. झूल आणि तुरा गोठ्याच्या खुंटीला लावून गेले होते.

मला न्यायला जीप आली तेव्हा रेशमा चिंचेखाली बांधलेली होती. जीप तिच्या उजव्या, अधू डोळ्याच्या बाजूनं उभी होती, त्यामुळं मी चढताना तिला दिसले नाही. आवाज ओळखेल म्हणून मी बोललेही नाही. हेमंतनं पिशवी वर दिली. "आई, उन्हाळ्यात या," तो म्हणाला. मी म्हटलं, "येईन." या वेळी रोहिणीनं मान डोलावली.

जीप सुटली तशी सीटवर शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "मागं बघू नये बाय, जनावर झुरतं."

असेल तसं. पण न बघण्याचा शकुन मी एकदा पाळला होता. मी सीटवर पूर्ण वळून बसले. पांढरी पाठ दिसली, मग नुसती मान, मग तो फाटका कान, आणि वळण येईपर्यंत मी बघत राहिले.